लाखांदुरातले बी.ए.

धानाचे पऱ्हे टाकण्याची आणि पोरापोरींच्या ॲडमिशनची घाई भंडारा जिल्ह्यात दरवर्षी एकदमच येते. यंदाही बारावीचा निकाल हाती घेऊन घराघरांत तोच हिशेब सुरू आहे. गुण चांगले असतील तर नागपूरचे इंजिनीअरिंग कॉलेज किंवा नीटचे क्लास; बरे असतील तर बी.एस्सी., नर्सिंग, आयटीआय. आणि यातले काहीच जमले नाही तर तालुक्याच्या गावी बी.ए. ‘आर्ट घेऊन का भेटते?’ हे बाप विचारतो, मामा विचारतो, पानठेल्यावरचा ओळखीचा माणूसही विचारतो. प्रश्न गैर नाही. दोन-तीन एकर धानावर घर चालवणाऱ्याने शिक्षणातून काय मिळणार हे विचारले, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार पगारदारांना नाही. मात्र ‘काहीच भेटत नाही’ हे उत्तर आपण सगळ्यांनी न तपासता मान्य करून टाकले आहे.

या जिल्ह्याचे एक जुने देणे इथे आठवते. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मतदारसंघ द्विसदस्यीय होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर बाबासाहेब पडले. जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट सहसा येत नाही, कारण पाडणारे आपणच होतो. पण ज्यांना आपण पाडले त्यांचे शिक्षण कसे झाले होते, हे आजच्या ॲडमिशनच्या रांगेत सांगण्यासारखे आहे. १९१२ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए., विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. पुढे कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. मे १९१६ मध्ये तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वाचणारा विद्यार्थी मूळचा अर्थशास्त्राचा! रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा, जातीची उत्पत्ती शोधणारा आणि राज्यघटनेच्या मसुद्यावर कलमागणिक वाद घालणारा माणूस एकच होता, आणि ते एका विषयाच्या शिक्षणातून घडले नव्हते. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हाही त्यांनी कला आणि विज्ञान या दोन्ही शाखा एकाच छपराखाली ठेवल्या.

आता जिल्ह्याकडे बघू. भंडारा हा तलावांचा जिल्हा, हे वाक्य आपण शाळेतच पाठ करतो. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणकारांनी उतार ओळखून, पाळ घालून हे तलाव बांधले; त्यांच्यावर धान पिकले आणि मासेमार ढिवरांची चूल पेटली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली हे चांगलेच झाले. पण तिच्यासोबत गाळ कोणी काढायचा, पाणी कोणत्या बांधीला आधी द्यायचे, पाळीवर कोणाची नजर राहायची, ही गावाची जुनी घडीही विस्कटली. पुढे रोहू-कतल्याचे बीज सोडले गेले, देशी मासे हटत गेले, काठाने बेशरमाचे तण माजले. हा प्रश्न जेसीबीने सुटेल असे आपल्या योजनांना वर्षानुवर्षे वाटत आले आहे. गाळ निघतोही, पण हक्क कोणाचा हे ठरले नसेल तर तो पुन्हा साचतो. हे माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा’ तलाव समजायला पाटबंधाऱ्याइतकाच महसुलाचा इतिहास लागतो, जातिव्यवस्था लागते, सहकाराचे अर्थशास्त्र लागते आणि ढिवर बायांच्या तोंडी असलेली पाणवनस्पतींची नावे लागतात. या तलावांत देशी वनस्पती आणि मासे परत आणण्यासाठी धडपडणाऱ्या संस्थेने स्वतःचे नाव ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ असे ठेवले आहे. निसर्ग आणि संस्कृती एका दमात म्हणायला ज्यांना शिकवावे लागले नाही, त्यांचे काम टिकले.

गोसीखुर्दचेही तेच. १९८८ साली भूमिपूजन झालेल्या या धरणाच्या काँक्रीटचा हिशेब अभियंत्यांकडे आहे. उठवलेल्या गावांनी नव्या गावठाणात देव, स्मशान आणि शेजार कसा मांडला, याचा हिशेब कोणत्या विभागाकडे मागायचा?

त्याच धरणाच्या शेजारी पवनी आहे. तिथल्या भार वंशाच्या भगदत्त राजाचा शिलालेख वाचला तो वा. वि. मिराशींनी; नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या प्राध्यापकाने. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडी खणली आणि वैनगंगेकाठचा बौद्ध स्तूप उजेडात आला. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास आयुष्यभर केला, तोवर आपल्या बोलीला बाहेर ‘गावंढळ’ म्हणत आणि आपणही मान खाली घालत होतो. ही सगळी कामे ‘आर्ट’वाल्यांची.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या या गावात भोतमांगे कुटुंबातील चौघांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मारले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, मात्र ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. रोज दिसणारी माणसे असे कसे वागतात आणि त्यात जात कायद्याला का दिसत नाही, हा प्रश्न जिल्ह्यातल्या समाजशास्त्राच्या वर्गात दर वर्षी चर्चिला जायला हवा होता. किती वर्गांत तो निघतो?

इथेच आपल्या कला महाविद्यालयांना दोष द्यावा लागतो. वर्ग निम्मे रिकामे, अभ्यास गाइडवर, आणि शिकवणारे पुष्कळ जण तासिका तत्त्वावर. ज्यांना स्वतःच्या पुढच्या वर्षाची खात्री नाही, ते कोणाला तलावावर घेऊन जाणार? सकाळी मैदानावर पोलीस भरतीची धाव, दुपारी अभ्यासिका, आणि बी.ए. म्हणजे त्या दोन्हींच्या मधला फलाट. गंमत अशी की एमपीएससीनेच २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली. मुख्य परीक्षेत तरी पर्यायांवर गोल काळे करण्याचे दिवस संपले. आता विचार करून दोन पाने लिहावी लागतात. म्हणजे नोकरीच्या वाटेवरही तेच शिक्षण आडवे आले, जे आपण निरुपयोगी ठरवले होते.

दुसरीकडे पुण्याच्या फ्लेम किंवा सोनीपतच्या अशोका विद्यापीठात सुखवस्तू घरांतली मुले वर्षाला लाखो रुपये भरून इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य आणि मानसशास्त्र एकत्र शिकतात. त्याला लिबरल आर्ट्स म्हणतात आणि कोणी ‘का भेटते’ विचारत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही चौसष्ट कलांचा दाखला देत याच शिक्षणाचे गुण गायले. लाखांदुरात, अड्याळला, तुमसरला तेच विषय थोडक्या फीत मिळतात. श्रीमंतांनी विकत घ्यायचे आणि गरिबांनी नाइलाजाने पत्करायचे, अशी या शिक्षणाची वाटणी झाली तर विचार करण्याचे कामही एकाच वर्गाकडे जाईल. ती वाटणी आम्हाला मान्य नाही.

म्हणून यंदा मागण्या साध्या आहेत. सरकारने कला शाखेतल्या रिक्त जागा पूर्णवेळ भराव्यात. धोरणाने विषयांची सरमिसळ करू दिली आहे. प्राचार्यांनी ती वेळापत्रकाच्या सोयीने न करता आपल्या तालुक्याच्या प्रश्नाभोवती करावी. पवनीच्या कॉलेजने गोसीखुर्द घ्यावे, साकोलीने तलाव आणि बोली, तुमसरने चिखला-डोंगरीच्या मॅंगनीज खाणी. आणि पालकांनी, पोरगी स्वतःहून ‘मले इतिहास घ्याचा हाय’ म्हणत असेल, तर तिला टक्केवारी दाखवून गप्प करू नये.