मोटारीची नाडीपरीक्षा

नवें बांधून आणलेलें इंजिन अशक्त निघालें, म्हणजे घरांतील माणसांचा पहिला संशय मिस्त्रीवर जातो. पैसे मोजून दिलेले असतात, महिनाभर वाट पाहिलेली असते, आणि तरीहि गाडी चढावर धापा टाकते. अशा वेळीं ‘फसलों’ हा शब्द ओठांवर फार लवकर येतो. परंतु निदानापूर्वीं निकाल देणें जसें वैद्यकांत निषिद्ध, तसेंच तें यंत्रविद्येंतहि मानलें पाहिजे. आजचा आमचा विषय वरवर पाहतां गॅरेजांतला आहे. पण त्याचा संबंध घरच्या विवेकाशीं अधिक आहे.

पालघर येथील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत या मोटारी होत असत. मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनीनें २०२३ सालीं अखेरचा निरोप घेतला. घरगुती गाड्या मात्र कोठें कोठें अजून जपल्या जातात. या गाडीचें १,०८९ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें इंजिन बोईसरच्या एका मिस्त्रीनें नव्या रिंगा घालून व व्हॉल्व्ह घासून बांधून दिलें. पहिले पांचशें किलोमीटर तें सुरेख चाललें. मग अडखळूं लागलें. धाकट्या बंधूंनीं कॉम्प्रेशन गेज आणून दाब मोजला. आंकडे आले ते असे : ९०, ९२, ५० आणि ८८ पौंड. घरांत ठराव झाला कीं, रिंगा जुन्याच घातल्या आहेत. मिस्त्रीची राहिलेली रक्कम देऊं नये, आणि इंजिन दुसरीकडे पुन्हां उघडावें. ठराव अंमलांत येण्यापूर्वीं थोरले बंधु आमच्याकडे आले, हें बरें झालें.

कॉम्प्रेशन म्हणजे काय, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. पिस्टन वर येतांना सिलिंडरांत कोंडलेलें मिश्रण दाबतो. तो दाब टिकला तरच स्फोटांत जोर येतो. दाब निसटण्याच्या मुख्य वाटा तीन : पिस्टनच्या रिंगांवरून खालीं, नीट न मिटलेल्या व्हॉल्व्हमधून, अथवा हेड गॅस्केट फुटून बाजूला. रोग एक, पण द्वारें तीन. कोणतें द्वार उघडें आहे हें कळल्याशिवाय इंजिन उघडणें म्हणजे पोट दुखतें म्हणून शस्त्रक्रियेस बसणें होय.

थोरले बंधु तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत बॉयलरवर आहेत. आम्हीं त्यांस एवढेंच विचारलें कीं, तुमच्या नोंदवहींत नुसता दाबाचा आंकडा लिहिला तर वरिष्ठ चालवून घेतील काय? वेळ कोणती, परिस्थिति कोणती, हें नको काय? ते हंसले आणि समजले. धाकट्यांनीं मोजणी केली होती ती इंजिन थंड असतां, एकच प्लग काढून, ॲक्सिलरेटर न दाबतां व उतरलेल्या बॅटरीवर. हवा आंत जाण्याचा मार्गच अर्धा मिटलेला, आणि स्टार्टर रखडत फिरणारा. मग आंकडा मोठा यावा कोठून?

योग्य रीति अशी. इंजिन चालवून गरम करावें. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हँडब्रेक ओढावा. कॉइलची तार सोडावी, म्हणजे ठिणगी पडून पेट्रोलची वाफ पेटण्याचें भय राहत नाहीं. चारीहि प्लग काढावे. बॅटरी पूर्ण भरलेली असावी. एकानें ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा, दुसऱ्यानें गेज लावावें, आणि प्रत्येक सिलिंडरास सारखेच पांचसहा फेर द्यावे. आंकडे तेथेंच वहींत लिहावे. अशा रीतीनें घेतलेले आंकडे आले १२८, १३०, ७४ आणि १२६. तीन सिलिंडर निर्दोष ठरले! आजारी होता तो एकटा तिसरा.

आतां तिसऱ्याचें द्वार शोधावयाचें. आमच्या नैयायिकांनीं यासाठीं अन्वय-व्यतिरेक सांगितला आहे : अमुक असतां तमुक असतें, अमुक नसतां तमुक नसतें, हें पडताळल्यावरच कारण निश्चित करावें. गॅरेजांत हाच न्याय चमचाभर ऑइलनें चालतो. प्लगच्या भोंकांतून सिलिंडरांत चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हां मोजावें. ऑइल रिंगांभोंवतीं पसरून तेवढ्यापुरती फट बुजवितें. दाब चांगला वाढला तर दोष रिंगांचा. जवळजवळ वाढलाच नाहीं, तर रिंगा निर्दोष, आणि दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. ऑइल चमचाभरच घालावें. अधिक घातल्यास जागाच भरते आणि आंकडा खोटा चढतो. येथें ७४ चे झाले ७८. ज्या रिंगांवरून मिस्त्रीस चोर ठरविलें, त्या रिंगा निर्दोष निघाल्या. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्यें फुटलें असतें, तर बहुधा शेजारशेजारचे दोन आंकडे एकदम पडले असते. म्हणजे प्रथम पाहावयाचे ते व्हॉल्व्ह.

येथें त्या घरच्या वहिनींनीं विचारलेला प्रश्न आम्हांस सर्वांत शास्त्रशुद्ध वाटला. त्या म्हणाल्या, “बिघडण्यापूर्वीं या इंजिनाला शेवटचा पाना कोणी लावला?” तेव्हां उलगडलें कीं, पांचशें किलोमीटर झाल्यावर गाडी दाखवावयास मिस्त्रीनें बजावलें होतें, पण बोईसरची फेरी वांचवावी म्हणून थोरल्यांनीं हेडचे नट घरींच आवळले, आणि टॅपेट पाहावयाचे राहून गेलें. नवें गॅस्केट दबतें, हेड किंचित् खालीं बसतें, आणि व्हॉल्व्हच्या डोक्याशीं ठेवलेली बारीकशी फट कमी होते. फिलर गेजचें पातें घालून पाहतां तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हपाशीं फट उरलीच नव्हती. मिटण्याच्या वेळींहि तो किंचित् उघडा राहत होता. फट नियमाप्रमाणें बसवितांच आंकडा १२४ वर आला. आणखी महिनाभर गाडी तशीच पळविली असती, तर व्हॉल्व्ह जळून खरोखरच इंजिन उघडावें लागलें असतें.

इतर वाचकांसाठीं दोन गोष्टी सांगून ठेवतों. चारीहि आंकडे सारखेच किंचित् कमी असतील, तर घाबरूं नये. नव्या रिंगा बसावयास कांहींशें किलोमीटर लागतात. फारच कमी असतील, तर प्रथम बॅटरी व गेज तपासावें, आणि मग टायमिंगचा एखादा दांता चुकला आहे काय तें पाहावें. शिवाय, समुद्रसपाटीच्या पालघरांत जो आंकडा येतो, तो जव्हारच्या डोंगरावर थोडा कमीच येणार, कारण तेथली हवाच विरळ. म्हणून एका आंकड्यापेक्षां चार आंकड्यांतील अंतर अधिक बोलकें असतें.

मिस्त्रीची राहिलेली रक्कम थोरले बंधु स्वतः नेऊन देऊन आले, आणि घरांत काय बोललें गेलें होतें तेंहि त्यांनीं त्यास सांगितलें. गेजची किंमत कांहींशें रुपये. पण कष्टाळू माणसाचें नांव गेलें, तर तें कोणत्याहि दुकानीं विकत मिळत नाहीं. म्हणून ज्या घरीं मोटार आहे त्या घरीं एक वही असावी. तींत केवळ आंकडा नव्हे, तर तो कोणत्या स्थितींत घेतला आणि त्यापूर्वीं यंत्रास कोणाचा हात लागला होता, हेंहि लिहावें. दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं ती एकदां उघडून पाहावी.