कापण्यासाठी लावलेला वाफा

दुकानाचे उद्घाटन असो, घरातील मंगलकार्य असो, वा पाहुण्यांसाठी मांडलेले मेज असो, लांब दांड्यांच्या फुलांची जुडी बाजारातून आणण्याची रीत आता आपल्या घरांत चांगलीच रुजली आहे. नवल याचे की, ज्यांच्या घरामागे चांगली ऐसपैस जागा आहे, माळी येतो, गुलाब व जास्वंद भरभरून फुलतात, त्यांच्याकडेही ही जुडी बाजारातूनच येते. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले: आमच्या बागेतील फुले आम्हांला तोडवत नाहीत.

हे उत्तर मनापासून दिलेले असते. दारासमोरील ताटव्यातून चार फुले काढली की तेथे भोक पडते आणि ते येता-जाता डोळ्यांना खुपते. यावर उपाय एकच. पाहण्याची बाग आणि कापण्याचा वाफा या दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्यात. पाहण्याची बाग ही स्थावर मालमत्तेसारखी असते, तिला हात लावावयाचा नसतो. कापण्याचा वाफा म्हणजे चालू खाते. त्यात भरणा करावयाचा तोच मुळी काढण्यासाठी. म्हणून हा वाफा घरामागे, विहिरीजवळ, भाजीच्या आळ्यांशेजारी असावा. तो सुंदर दिसला पाहिजे अशी अट नाही. त्याला सहा तास थेट ऊन मिळावे आणि पाण्याचा निचरा व्हावा, एवढे पुरे.

फूल तोडण्यातील हिंसेचा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात येणारच, तेव्हा तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. पूजेत फुले वाहावीत की केशरात रंगविलेले तांदूळ, याविषयी आपल्याकडे वेगवेगळ्या परंपरा आहेत व प्रत्येकाने आपल्या घराची पाळावी. येथे प्रश्न दिवाणखान्यातील फुलदाणीचा आहे. ज्या घरात फूल तोडत नाहीत आणि विकतही आणत नाहीत, त्या घरापुढे मी आदराने गप्प बसतो. परंतु बाजारातून पन्नास दांडे आणावयाचे आणि घरच्या झाडाला मात्र हात लावावयाचा नाही, हा हिशेब जुळत नाही. बाजारातील दांडाही कोणीतरी कापलेलाच असतो, आणि मोठ्या प्रमाणावरील फुलशेतीत मावा, फुलकिडे व कोळी यांवर औषधे फवारण्याचा प्रघात आहे. खर्च दुसऱ्याच्या खात्यात टाकल्याने तो नाहीसा होत नाही. फुले घरात हवीच असतील तर ती आपल्या डोळ्यांदेखत, लागतील तेवढीच आणि विषारी फवारणीवाचून पिकवावीत, असे माझे मत आहे.

आता प्रत्यक्ष लागवडीकडे वळू. फुलांच्या वाफ्यात यश मिळते ते बहुतांशी तारखा सांभाळण्यातून. खत-पाणी सगळेच देतात. सगळे कंद एकाच दिवशी लावले की सगळी फुले एकाच पंधरवड्यात येतात, शेजारीपाजारी वाटूनही उरतात, आणि पुढे तीन महिने फुलदाणी रिकामी राहते. मुदत ठेवी ठेवताना जाणता मनुष्य सगळी रक्कम एका मुदतीत अडकवीत नाही. तो ती विभागतो, म्हणजे दर काही महिन्यांनी एक ठेव हाती येते. ग्लॅडिओलसच्या बाबतीत हा नियम शब्दशः लागू पडतो, कारण त्याच्या एका कंदाला सामान्यतः एकच फुलदांडा येतो आणि लागवडीपासून फुलण्यापर्यंतचा काळ जातीनुसार ६० ते ९० दिवस असा बऱ्यापैकी ठरलेला असतो.

दहा फूट लांब व चार फूट रुंद असा एक वाफा घ्या. ३० सेंटीमीटर अंतरावर चार ओळी आणि ओळीत २० सेंटीमीटरवर एक कंद, असे ६० कंद त्यात बसतात. त्यांचे पंधरा-पंधराचे चार हप्ते करावेत. पहिला हप्ता २० सप्टेंबरच्या सुमारास, दुसरा ५ ऑक्टोबरला, तिसरा २० ऑक्टोबरला आणि चौथा ५ नोव्हेंबरला. ऐंशी दिवसांची जात असेल तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून जानेवारीअखेरपर्यंत घरात फुले राहतात. काही घरांत चातुर्मासात माती उकरणे टाळतात. त्यांनी कार्तिकी पौर्णिमेनंतर दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन हप्ते लावावेत. फुले साधारण फेब्रुवारीत येतील. मात्र डिसेंबरच्या मध्यानंतर लावू नये, कारण दांडे निघण्याच्या वेळी ऊन तापू लागते आणि ते आखूड व किरकोळ राहतात.

(कंद म्हटले की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावतात. हा स्वयंपाकघरात जाणारा कंद नव्हे, हे आधीच सांगून टाकावे.)

कंद चार ते पाच सेंटीमीटर व्यासाचा, टणक आणि डाग नसलेला घ्यावा. फार चपटा व पसरट असला तर तो जुना समजावा, उंच बांध्याचा चांगला. पाच ते आठ सेंटीमीटर खोल लावून, रोप दोन-तीन पानांवर आले की बुंध्याशी मातीची भर द्यावी, अन्यथा वाऱ्याने दांडा कलतो. दांडा पोटरीत असताना पाण्याचा ताण पडला तर फुलांची संख्या कमी होते. त्या तीन आठवड्यांत पाणी देण्याचे काम कोणावर तरी निश्चित सोपवावे, विशेषतः लग्नसराईत घर आठ-आठ दिवस बंद राहत असेल तर.

दांडा कापताना झाडावर किमान चार पाने ठेवावीत. मुळाशी नवा कंद तयार होतो तो या पानांच्या बळावर, आणि हाव धरून जमिनीलगत कापणाऱ्याला पुढील वर्षी कंद विकत आणावे लागतात. कापणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाने पिवळी पडली की कंद काढून, सावलीत सुकवून, हवेशीर जाळीच्या पिशवीत ठेवावेत. त्यांची विश्रांती सुमारे तीन महिन्यांची असते. तिच्याआधी लावले तर ते उगवत नाहीत आणि माळ्याला निष्कारण बोल लागतो.

ज्यांना एवढे वेळापत्रक नको, त्यांच्यासाठी निशिगंध आहे. आपल्या वधूवरांच्या हारांतील हा निशिगंध आणि दसऱ्याच्या तोरणातील झेंडू, दोन्ही मूळचे मेक्सिकोचे. आज ते आपले नाहीत असे कोणी म्हटले तर पटणारही नाही. निशिगंधाचा मूळ कंद एकदाच फुलतो, परंतु त्याच्याभोवती लहान कंद सतत तयार होत राहतात व पाळीपाळीने दांडे देतात. म्हणजे हप्त्यांची व्यवस्था वनस्पतीनेच करून ठेवली आहे. एप्रिल-मेमध्ये लागवड केली की तीन-चार महिन्यांत फुले सुरू होतात आणि थंडीत थोडी मंदावतात. एकदा लावलेला वाफा तीन वर्षे ठेवता येतो. त्यानंतर कंदांची दाटी होऊन दांडे बारीक होतात, तेव्हा उकरून, निवडून दुसऱ्या जागी लावावेत.

निवड करताना एक गोष्ट दुकानदार बहुधा सांगत नाही. एकेरी पाकळ्यांच्या निशिगंधाचा सुगंध अधिक, पण त्याची सुटी फुले हार-वेण्यांना सोयीची. फुलदाणीसाठी दुहेरी पाकळ्यांची जात घ्यावी, तिचा दांडा भरदार असतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने एकेरीत ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’, आणि दुहेरीत ‘सुवासिनी’ या जाती दिल्या आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ ही एकेरी जात आहे. मी सल्ला देईन तो असा की, दोन ओळी दुहेरीच्या लावाव्यात व एक एकेरीची, म्हणजे फुलदाणीही सजेल आणि रात्री घरात सुगंधही दरवळेल. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचले की कंद व खोड कुजते, त्यामुळे सपाट वाफ्यापेक्षा गादीवाफा उत्तम.

शेवंतीची गोष्ट थोडी चमत्कारिक आहे. कित्येक घरांत शेवंतीची झाडे कंबरेएवढी वाढतात, हिरवीगार असतात आणि दिवाळी उलटली तरी कळी धरत नाहीत. खतांचे पोते बदलले जाते, माळी बदलला जातो. दोष असतो तो बहुधा कुंपणावरील दिव्याचा. रात्र पुरेशी लांब झाली म्हणजेच शेवंतीला कळ्या येतात, आणि रात्रभर जळणारा रस्त्यावरील वा गोदामासमोरील दिवा ती रात्र मोडून टाकतो. वनस्पतींना दिवस-रात्रीची लांबी कळते हे गार्नर व अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून मांडले. आज व्यावसायिक शेतकरी याच गुणाचा उपयोग करून, दिवे लावून शेवंती लांबणीवर टाकतात व काळे कापड घालून ती लवकर आणतात. आपण एवढेच करावे की, शेवंतीचा वाफा दिव्यापासून दूर, भिंतीच्या आडोशाला घ्यावा. बहर संपल्यावर बुंध्याशी फुटणाऱ्या काश्यांपासून नवी लागवड करावी, लावल्यावर महिन्याभराने शेंडा खुडावा म्हणजे बगलफुटी येते, आणि ऑगस्ट संपल्यावर खुडणे थांबवावे.

ॲस्टर बियांपासून येतो व थोडक्या जागेत रंगांची चैन पुरवितो. पुण्याच्या गणेशखिंड येथील संशोधनातून आलेल्या ‘फुले गणेश’ मालिकेतील पांढरा, गुलाबी व जांभळा असे रंग घरच्या वाफ्याला पुष्कळ झाले. त्याचे बी फार दिवस टिकत नाही, म्हणून दरवर्षी ताजे घ्यावे. मर रोग टाळण्यासाठी एकाच जागेत तो पुन्हा पुन्हा लावू नये. झिनियाची बात वेगळी. तो जितका कापावा तितका फुटतो, कारण बी धरण्याची संधी मिळाली नाही की झाड पुन्हा कळ्या काढण्याच्या मागे लागते. घरातील मुलांच्या हाती द्यावयाचे पहिले बी झिनियाचेच असावे.

किडींचा विषय आपल्या घरांत अवघड. तिला मारण्यापेक्षा ती येऊच नये असे पाहणे आपल्याला अधिक मानवते, आणि ते बऱ्याच अंशी शक्य आहे. युरियासारखे नत्रखत जास्त झाले की पाने कोवळी व रसाळ होतात आणि माव्याला आमंत्रण मिळते. शेणखत व कंपोस्ट यांवर वाढलेले झाड सावकाश वाढते, पण काटक निघते. झाडांत हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे, पाणी सकाळी व मुळाशी द्यावे, पिकलेली पाने वेळोवेळी उचलावीत. फुलाफुलांवर मधमाश्या फिरत असताना वाफ्यात हात घालू नये. एवढे करूनही थोडे नुकसान होईलच. दहा दांड्यांत दोन दांडे डागाळलेले निघाले तर ते बुडीत कर्ज समजून सोडून द्यावे.

राहिली कापणी, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फुले येथेच वाया जातात. ज्यांच्या दांड्यावर कळ्या खालून वर उमलतात, अशी फुले लवकर कापावीत: ग्लॅडिओलसच्या सर्वांत खालच्या कळीने रंग दाखविला की, आणि निशिगंधाची खालची एक-दोन फुले उमलली की. उरलेल्या कळ्या घरी पाण्यात उमलतात. शेवंती, झिनिया व डेलिया यांचे मात्र उलट आहे. ती पूर्ण उमलल्यावरच कापावीत, अर्धवट कळी घरी आल्यावर तशीच मान टाकते. झिनियाची परीक्षा सोपी आहे. फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलकेच हलवावा. मान ताठ राहिली तर फूल तयार, लवली तर आणखी दोन दिवस थांबावे.

कापणी सूर्य वर येण्यापूर्वी करावी. पाण्याची बादली वाफ्याशीच नेऊन, धारदार सिकेटरने तिरका काप घेऊन दांडा लगेच पाण्यात ठेवावा. ग्लॅडिओलसचे दांडे आडवे ठेवू नयेत, त्यांची टोके वर वळतात व पुन्हा सरळ होत नाहीत. तासभर सावलीत पाणी पिऊ दिल्यावरच फुलदाणीत मांडावे. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत, कारण ती कुजली की पाण्यात जिवाणू वाढतात आणि दांड्याच्या नलिका बुजतात. फुलदाणी आंब्याच्या वा केळ्यांच्या टोपलीशेजारी ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती मोडावी. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कित्येक फुले लवकर कोमेजतात, गुलाब आणि कार्नेशन तर विशेष. रोज सकाळी पाणी बदलून दांड्याचे अर्धा इंच टोक छाटावे व खालची सुकलेली फुले खुडावीत. एवढे केले म्हणजे सोमवारी कापलेला निशिगंध रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठीही फुललेला असतो.