बचत गियरमध्ये, न्यूट्रलमध्ये नव्हे

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतून निघालेली गाडी वाकडला महामार्गाला लागते, तेव्हा तासभराच्या कोंडीचा सगळा राग चालकाच्या उजव्या पायात उतरलेला असतो. रस्ता मोकळा मिळाला की काटा शंभरापलीकडे जातो. सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर त्या पायाकडे मी दोन नजरांनी पाहतो. एक नजर पेट्रोलच्या खर्चावर असते, दुसरी अपघात विभागाच्या दारावर. दोन्हींचा हिशेब एकच आहे.

गाडीला होणारा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 ऐवजी 100 किलोमीटरने गेलात, तर वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून अधिक. 120 ला तो सव्वादोन पट होतो. धडकेत शरीरावर येणारी ऊर्जाही याच वर्गाच्या नियमाने वाढते. जो वेग टाकी लवकर रिकामी करतो, तोच बरगड्या आणि प्लीहा फोडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची लांबी सुमारे 95 किलोमीटर. सपाट रस्ता धरला तरी 80 आणि 100 यांत फरक पडतो तो जेमतेम 14 मिनिटांचा. तेवढा वेळ फूड मॉलवर चहाच्या रांगेत जातो.

दुसरी सवय अंतराची. पुढच्या गाडीला चिकटून चालवणारा सारखा ब्रेक दाबतो आणि पुन्हा वेग घेतो. ब्रेक दाबणे म्हणजे विकत घेतलेले इंधन उष्णता करून हवेत सोडणे. तीन सेकंदांचे अंतर ठेवा. 80 च्या वेगाला ते सुमारे 65 मीटर होते. मग बहुतेक वेळा ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी भागते. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. कमी हवेचा टायर इंधन खातो, तापतो आणि वेगात फुटूही शकतो.

मात्र बचतीच्या नावाखाली एक सवय जीव घेते. उतारावर गाडी न्यूट्रल करायची किंवा इंजिनच बंद करायचे. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार यासाठी कुप्रसिद्ध आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. इंधन वाचवण्यासाठी उतारावर ते न्यूट्रलमध्ये चालवले जात होते, असे तपासात समोर आल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला आवरून धरत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी लागत नाहीत. इंजिन बंद केले तर ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही थांबते.

आणि बचत? आजच्या इंजेक्शन इंजिनात गियर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला, की उतारावर इंधनाचा पुरवठा जवळपास बंद होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र इंधन लागतेच. म्हणजे जीव धोक्यात घालून वर खर्चही जास्त.

केवळ चालकाला दोष देणे सोपे आहे. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांचा माल वाहणाऱ्या कित्येक चालकांना खेपेमागे डिझेल ठरवून दिलेले असते. वाचले तर त्याचे, जास्त लागले तर त्याच्या पदरचे. अशा माणसाला उतार दिसला की हात न्यूट्रलकडे जाणारच. वाहतूकदारांनी आणि माल पाठवणाऱ्या कारखान्यांनी हा हिशेब बदलावा. गियरमध्ये उतरण्याचे प्रशिक्षण द्यावे, पोहोचण्याच्या वेळेत थोडी सवड ठेवावी. त्यांचे डिझेलही त्यातच वाचेल.

आपल्यापुरते सांगायचे तर उद्या महामार्गावर 80 चा वेग धरून डाव्या बाजूने जाऊन पाहा. घरी पोहोचायला थोडा उशीर होईल. तेवढा उशीर घरचे आनंदाने सोसतील.