उशिरा निघालेले प्रवासी

प्रवास तरुणपणी करावा आणि म्हातारपणी घरी बसावे, असे पुष्कळांना वाटते. मला हे पटत नाही. प्रवासाचा आनंद उतारवयातही तेवढाच मिळतो. कधी कधी जास्तच मिळतो.

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडे पाहा. दादी-नानीचे आयुष्य चूल आणि मुले यांत गेले. दादा-नाना शेतात किंवा दुकानात राबले. माहेर, सासर, बाजार आणि दवाखाना, एवढाच त्यांचा प्रवास! काहींनी पै-पै साठवून हजयात्रा केली. त्यांनी हजारो किलोमीटर दूरचा मक्का पाहिला, पण घराजवळचा शिवनेरी पाहिला नाही.

जुन्नर-आंबेगावात पाहण्यासारखे किती आहे! शिवनेरीवर १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्याच गडावर जुनी कमानी मशीदही आहे. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून व्यापारी ये-जा करत. खोडद परिसरात आकाशाचा अभ्यास करणाऱ्या ३० प्रचंड रेडिओ दुर्बिणी आहेत. डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. तो जलाशय आपल्याला नुसते पाणी वाटतो, पण म्हाताऱ्या माणसांना तेथे गाव आठवते.

माझ्या वर्गातील एका मुलीची दादी मंचरला राहते. सत्तरी ओलांडल्यावर ती प्रथमच जुन्नरजवळचा सौदागर घुमट पाहायला गेली. तिचे वडील पाथरवट होते. तिने दगडावरून हात फिरवला आणि सांधे कसे जुळवले आहेत, ते नातीला समजावून सांगितले. ती मुलगी त्याआधी दोनदा घुमट पाहून आली होती, पण सांध्यांकडे तिचे लक्षच गेले नव्हते. अनुभवी डोळ्यांना अधिक दिसते, ते असे.

केरळातील कोची शहरात विजयन आणि मोहना हे पती-पत्नी चहाचे छोटे दुकान चालवत. उतारवयात, २००७ पासून, त्यांनी परदेश प्रवास सुरू केला आणि वीसहून अधिक देश पाहिले. २०२१ मध्ये विजयन वारले. प्रवासाला श्रीमंती आणि तारुण्य लागतेच असे नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

कोणी म्हणेल, पैसे कोठून आणायचे? एस.टी.ने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. कोणी म्हणेल, गुडघे दुखतात. मग गड चढू नये, घुमट पाहावा किंवा धरण पाहावे. "या वयात कशाला फिरायचे? लोक काय म्हणतील?" ही अडचण मात्र सर्वांत मोठी आहे. ती गुडघ्यांत नाही, आपल्या मनात आहे. दादी स्वतःहून "मला फिरायला न्या" असे म्हणत नाही. म्हणून तिला इच्छाच नाही, असे आपण समजतो.

मुलांनो, ही अडचण तुम्ही दूर करू शकता. येत्या सुट्टीत दादीला विचारा, "तुम्हाला काय पाहायचे आहे?" तिने नको म्हटले, तर आणखी एकदा विचारा. मग तिचा हात धरून एस.टी.त बसवा आणि खिडकीची जागा तिला द्या.