डोंबिवलीकरांनो, फोनमधून परस्पर जाणारे पैसे थांबवूया



किराणा, दूध, वीजबिल यांचा हिशेब आपल्याकडच्या बऱ्याच घरांत अजूनही वहीत लिहिला जातो. मोबाइलचा रिचार्ज, टीव्हीचा पॅक, कुठल्याशा ॲपची वर्गणी मात्र त्या वहीत येतच नाही. रक्कम छोटी, तारखा वेगवेगळ्या, आणि पैसे कट झाल्याचे बँकेचा मेसेज वाचला तरच कळते.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंचे पासबुक अलीकडेच त्यांच्याशेजारी बसून पाहिले. पेन्शन जमा झाल्याच्या प्रत्येक नोंदीखाली चार-पाच ओळींवर एकाच ॲपच्या नावाने पैसे वजा झालेले. नातवाने सुट्टीत मॅच बघायला ते ॲप एक रुपयात सुरू करून दिले होते. तो गेल्यावर काकूंनी ॲप फोनमधून काढूनही टाकले, पण पैसे जातच राहिले. "मलाच यातले काही कळत नाही, मग तक्रार कशाची करू?" काकू म्हणाल्या. चूक त्यांची नव्हतीच. सुरू करायला एक बटण आणि बंद करायची वाट सापडू नये अशी सोय, याला आपल्या कायद्यात जागा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या अशा १३ प्रकारांना मनाई केली, त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' स्पष्टपणे आहे.

ॲप काढून टाकल्याने वर्गणी बंद होत नाही, हे कृपया घरातल्या प्रत्येकाला सांगा. ज्या यूपीआय ॲपवरून आपण भाजीवाल्याला पैसे देतो, त्यातच 'ऑटोपे' नावाची जागा असते. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात आणि रद्दही करता येतात. कार्डावरून जाणारे पैसे बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत जाऊन थांबवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. ती जाहिरातींच्या मेसेजच्या ढिगात हरवते, म्हणून एकदा बसून सगळे तपासणे भाग आहे.

रिचार्जचेही तसेच. २८ दिवसांचा पॅक घेणाऱ्याला वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज करावे लागतात. ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा, असे दोन्ही पॅक ठेवणे कंपन्यांना दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०२२ पासून बंधनकारक केले आहे. शिवाय डिसेंबर २०२४ च्या आदेशानुसार इंटरनेट नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही द्यावे लागतात, ३६५ दिवसांपर्यंतच्या मुदतीचे. आपल्या कितीतरी आजी-आजोबांना फोन फक्त बोलायला लागतो, आणि त्यांच्या नावावर रोजचा डेटा भरला जातो. दुकानात गेल्यावर नुसते "रिचार्ज मार" म्हणू नका. "फक्त कॉलिंगचा दाखव" म्हणा.

टीव्हीबद्दल थोडक्यात. २०१९ पासून हवे तेच चॅनेल निवडायचा हक्क आपल्याला आहे. केबलवाल्याने लावलेला पॅक आहे तसाच चालवायची सक्ती नाही. सह्याद्री आणि मोजके चॅनेल पुरत असतील, तर डीडी फ्री डिशला मासिक भाडेच नाही.

ग्राहकाने जाब विचारणे आपल्याकडे नवे नाही. १९७२-७३ मध्ये मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेव्हा भाव दुकानाच्या फळीवर दिसत होता आणि जाब विचारायला समोर माणूस होता. आज समोर कोणी नाही, आणि दीडशे-दोनशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असे म्हणून प्रत्येक जण सोडून देतो. माझी कळकळीची विनंती आहे की सोडून देऊ नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर जपून ठेवा. शंभर घरांची कुरकुर कुठेच पोहोचत नाही, शंभर नोंदवलेल्या तक्रारी पोहोचतात.

एक सावधगिरी. कंपनीचा नंबर गूगलवर शोधून फोन करू नका, तिथे भामट्यांचेही नंबर असतात. पैसे परत देतो म्हणून कोणी ओटीपी, पिन मागितला किंवा स्क्रीन शेअर करायला सांगितले, तर फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० वर कळवा.

हे सगळे एकत्र बसून तपासता यावे म्हणून प्रत्येक सोसायटीने येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा आपले ऑफिस उघडे ठेवावे. कॉलेजातल्या मुलामुलींनो, तुमचे दोन तास द्या. ज्येष्ठांच्या शेजारी बसा, फोन त्यांच्याच हातात राहू द्या, पिन त्यांनाच टाकू द्या आणि तेव्हा मान वळवा. घाई करू नका, तेच पुन्हा विचारले तर पुन्हा सांगा.

येणाऱ्यांनी पासबुक भरून आणावे, चष्मा आणि चार्जर विसरू नये. ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांचा मजला आणि खोली क्रमांक शनिवारपर्यंत सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवा. मुले घरी येतील.