जाहिरातीखाली नाव कुणाचे?

प्रति,
अध्यक्ष, महारेरा, मुंबई
नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि घरांच्या जाहिराती प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळांचे चालक



घर शोधायला साइट बरी की गल्लीतला एजंट, असे अनेक जण विचारतात. पुण्यातल्या एका जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव म्हणून मला दोन्ही वाटांनी आलेली माणसे भेटतात. कुणाच्या हातात मोबाइलवरचा फोटो असतो, तर कुणाच्या सोबत किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवणारा एजंट. दोघांचीही दिशाभूल झालेली मी पाहतो आणि दोघांनाही दाद मागायला जागा सापडत नाही. म्हणून हे पत्र.

आधी साइटविषयी. आमच्या इमारतीत विकून गेलेला, नवा मालक राहायलाही आलेला फ्लॅट साइटवर महिनोन् महिने ‘उपलब्ध’ दिसतो. एकच घर चार जणांनी चार किमतींना टाकलेले असते. फोटो कधी भलत्याच इमारतीचे असतात. चौकशीसाठी नंबर दिला, की त्या घराविषयी कळण्याआधीच वाघोलीपासून हिंजवडीपर्यंतच्या नव्या प्रकल्पांचे फोन सुरू होतात. ‘दलाल नको’ म्हणून मालकाच्या नावाची जाहिरात उघडावी, तर पलीकडून एजंटच बोलतो. यात नवल नाही. साइटची कमाई जाहिरातीच्या पॅकेजवर आणि गिऱ्हाइकाच्या नंबरावर होते. व्यवहार झाला काय नि फिसकटला काय, तिचे पैसे आधीच मिळालेले असतात. विकलेले घर यादीतून काढण्याची घाई तिला कशाला असेल? उलट, स्वस्तात दिसणारे ते घर आणखी नंबर गोळा करून देते.

एजंटचे गणित उलटे आहे. व्यवहार झाला तरच त्याला पैसे. भाड्याच्या घरात साधारण महिन्याचे भाडे, विक्रीत टक्का-दोन टक्के, तेही अनेकदा दोन्हीकडून. त्याला गल्ली ठाऊक असते. कुठल्या सोसायटीत मार्चपासून टँकर लागतो, कुठल्या इमारतीचे अभिहस्तांतरण अडले आहे, कुठे पुनर्विकासावरून सभासदांत दोन तट पडले आहेत, हे कुठल्याही साइटवर सापडत नाही आणि त्याला मात्र तोंडपाठ असते. पण यातले काहीही सांगितले तर व्यवहार बारगळण्याची भीती. मग तो पार्किंगचे आश्वासन देतो, टँकरचे गिळतो आणि टोकन घ्यायची घाई करतो. टोकन दिल्यावर लोक माझ्याकडे येतात आणि पार्किंग कुठे, असे विचारतात. तेव्हा सांगण्यासारखे माझ्याकडे काही नसते.

थोडक्यात, ज्याला माहिती आहे तो सांगत नाही आणि जो सांगतो त्याने तपासलेले नसते. साइट आणि एजंट एकमेकांचे प्रतिस्पर्धी भासतात, पण बऱ्याच जाहिरातींमागे ते भागीदार असतात. साइट जागा विकते, एजंट ती विकत घेतो आणि शब्द खोटा ठरला, की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

महारेराच्या अध्यक्षांना माझे सांगणे असे. 2016च्या स्थावर संपदा कायद्यात एजंटची व्याख्या रुंद आहे. ‘कोणत्याही माध्यमातून’ घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून देणाराही तीत बसतो. नोंदणीशिवाय काम केल्यास रोज 10,000 रुपयांप्रमाणे दंडाची तरतूद आहे. आपण एजंटांना प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचे केले, 2023पासून प्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड आणला. हे चांगलेच झाले. परंतु हा सगळा बंदोबस्त बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पांभोवती आहे. वीस वर्षे जुन्या इमारतीतला फ्लॅट विकणारा किंवा लिव्ह अँड लायसन्सवर खोली देणारा एजंट या कुंपणाबाहेरच राहतो. शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत येणाऱ्या तरुणांचा पहिला व्यवहार नेमका याच बाहेरच्या मैदानात होतो. कलम 32 नुसार सरकारला शिफारस करण्याचे काम कायद्याने आपल्याकडेच दिले आहे. पुनर्विक्री आणि भाड्याच्या व्यवहारांतले एजंटही नोंदणीखाली आणावेत, अशी शिफारस आपण करावी.

नोंदणी महानिरीक्षकांना एक विनंती. साइटवर दिसतात ते मागितलेले भाव. त्याच भावांचे आलेख काढून ‘या भागातले दर’ म्हणून दाखवले जातात आणि पुढचा विक्रेता त्यांवर आणखी चढवून मागतो. प्रत्यक्ष मोबदला किती ठरला, हे आपल्या सूची क्रमांक 2 मध्ये नोंदलेले असते. ई-सर्चवर तो पाहता येतो, पण त्यासाठी गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक हाताशी लागतो. घर शोधणाऱ्याला हे कुठून माहीत असणार? व्यक्तींची नावे वगळून, परिसरानुसार, चटई क्षेत्रासह नोंदलेले मोबदले महिन्याच्या महिन्याला खुले करा. करारात दाखवलेला आकडा दर वेळी पुरा नसतो, हे मान्य. तरीही कुणाच्या तरी अपेक्षेपेक्षा तो भरवशाचा आहे. भाजीवाल्याच्या काट्यावरही वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, मग आयुष्यभराची पुंजी ज्यावर मोजायची त्या भावाला काहीच आधार नको?

आणि साइटचालकहो, ‘आम्ही फक्त व्यासपीठ आहोत’ हे तुमचे उत्तर मला ठाऊक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 79 मध्यस्थाला संरक्षण देते, हेही खरे. पण पैसे घेऊन जाहिरात वर चढवायची, तिच्यावर ‘पडताळलेली’ असा शिक्का मारायचा आणि तक्रार आली की अटी-शर्तींचे पान पुढे करायचे, हे नैतिकदृष्ट्या टिकणारे नाही. पडताळले म्हणजे नेमके काय तपासले, मालकाचा फोन की मालकीचा कागद, हे शिक्क्याशेजारीच लिहा. जाहिरात देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक आणि मालकाने घर अजून उपलब्ध असल्याचे शेवटी कधी सांगितले ती तारीख, दोन्ही दाखवा. पंधरा दिवसांत दुजोरा नाही मिळाला, तर जाहिरात आपोआप उतरू द्या. एका घरासाठी दिलेला नंबर दहा ठिकाणी वाटण्याआधी विचारा. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे. निमलष्करी दलातला जवान असल्याचे सांगून ‘भाडे आगाऊ पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ म्हणणारे भामटेही तुमच्याच जाहिरातींतून मालकांपर्यंत पोहोचतात. नंबर दाखवण्याआधी समोरच्याची ओळख तपासली, तर त्यांची वाट पुष्कळ अवघड होईल.

एजंट संपावेत असे मला वाटत नाही. टँकरची, भांडणाची, गळक्या गच्चीची माहिती कुणीतरी चालत जाऊनच गोळा करावी लागते आणि त्या पायपिटीचे पैसे मिळायलाच हवेत. पण पैसे घेणाऱ्याने त्या माहितीखाली सही करावी. विक्री असो वा भाडे, पाणी, पार्किंग, थकबाकी आणि भोगवटा प्रमाणपत्र या चार गोष्टींचा एका पानाचा लेखी खुलासा टोकनआधी देणे बंधनकारक करा. तो खोटा निघाला तर दलाली परत. सोसायटीकडून लागणारी माहिती सात दिवसांत देण्याची सक्ती आमच्यासारख्या सचिवांवरही करा. माझी तक्रार नसेल.

आपला,
पुण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव