गुलाबी गोळी आणि शिसं

मुलांनो, शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी मिळते ना? पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून निळी. गोळ्या आल्या की काही तोंडं लगेच वाकडी होतात! गुलाबीत ४५ मिलिग्रॅम लोह असतं, निळीत ६०. लोहानं रक्त वाढतं, हे तुम्हांला पाठच असेल. पण आणखी एक गंमत ऐका.

आतड्यातून लोह ज्या वाटेनं रक्तात जातं, त्याच वाटेनं शिसं हा विषारी धातूही शिरतो. अंगात लोह कमी पडलं की ती वाट जास्त उघडते, आणि शिशाचं फावतं. मग लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, अभ्यासात लक्ष लागत नाही.

हे शिसं येतं कुठून? पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं. घरच्या रंगांतल्या शिशावर २०१७ पासून कडक मर्यादा आहे. पण जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या दारं-खिडक्यांवर त्याआधीचे रंग असतात. त्यांचे पोपडे निघतात, आणि धाकट्या भावंडांना ते तोंडात घालायची भारी हौस! आईबाबा, पोपडे झाडू नका, ओल्या फडक्यानं टिपून घ्या. अंगात गेलेलं शिसं गोळी काही बाहेर काढत नाही.

गोळी जेवणानंतरच घ्या. वर लगेच चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. लिंबू-आवळा मात्र चांगला. शी काळी झाली तर घाबरू नका. आणि 'दोन घेतल्या की दुप्पट ताकद' असं मुळीच नाही हं! लोह फार झालं तर लहानग्यांच्या जिवावर बेततं, म्हणून घरी दिलेल्या गोळ्या उंच फळीवरच ठेवायच्या.